गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

(गाडीतल्या साउंडबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे गेली 22 वर्षं नाशिकमध्ये गाड्यांचं वायरिंग आणि साउंड फिटिंग करतात.)

प्रश्न : काका, मी नाशिकरोडला राहतो. हॅचबॅक आहे. डिकीत पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये 12 इंची सबवूफर बसवला, 4 ओहमचा. ॲम्प 300 वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणारी ताकद). सगळं नवं आहे, पण बास नुसता गुडगुडतो. ठेका वेगळा असा ऐकूच येत नाही. फिटर म्हणाला, ‘गेन अर्ध्यावर ठेवलाय, कमी वाटला तर वाढव.’ वाढवला, तर आणखी बिघडलं. सब बदलू का?

सब बदलू नकोस. त्या ‘कमी वाटला तर वाढव’नेच घात केलाय. महिन्याला दोन-तीन गाड्या याच तक्रारीने माझ्या गाळ्यावर येतात.

स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, हे ॲम्पला सांगण्यासाठी गेनचा नॉब असतो. आवाज वाढवायला नाही. गेन गरजेपेक्षा जास्त झाला की ॲम्पला लाट पूर्ण काढता येत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो. कानाला तो फाटका, गुडगुडा आवाज वाटतो आणि सबमधली तारेची कॉइल तापत राहते. जळलेल्या कॉइलचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. वार्निशचा, कडवट.

हे काम कानाने नाही, मल्टीमीटरने करायचं. साधा चारपाचशेवाला चालतो. स्टिरिओवरचा बास, ट्रेबल, ईक्यू सगळं शून्यावर आण. लाउडनेस बंद कर. ॲम्पवरचा बास बूस्टही शून्यावर. सबच्या दोन्ही वायरी ॲम्पवरून काढ, हे विसरू नकोस. गेन पूर्ण खाली आण. गाडी चालू ठेव, पण घराच्या पार्किंगमध्ये नाही, मोकळ्यावर. पेन ड्राइव्हवर 50 हर्ट्झचा सलग टोन घे आणि स्टिरिओचा आवाज पाऊण भाग वाढव, म्हणजे 40 पैकी 30. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या काड्या ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लाव.

आता हिशोब. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 300 गुणिले 4 म्हणजे 1200, वर्गमूळ साधारण 34.6. गेन अगदी हळू फिरव आणि मीटरवर 34 दिसले की थांब. मी तिथे नेलपॉलिशचा ठिपका देतो. नंतर कोणी हात लावला तर कळतं, आणि हात लावणारा बहुतेक वेळा गाडीमालकच असतो. टोन बंद करून मग सब जोड.

पुढचं फिल्टरचं. ॲम्पवरचा लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेव आणि दारातल्या स्पीकरना स्टिरिओमधून 80 चाच हाय पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा) दे. दारातल्या सहा इंची स्पीकरच्या डोक्यावरचं बासचं ओझं गेलं की गायकाचा गळा कसा मोकळा होतो, ते स्वतः ऐक. स्टिरिओतही लो पास लावलेला असेल तर दोनपैकी एकच वापर. दोन्ही लागले तर बास नको तिथे खचतो.

80 च का? विसर्जनाची मिरवणूक रविवार कारंजावर आली की गल्लीत उभं राहून ऐक. ताशा कुठल्या बाजूला वाजतोय ते डोळे मिटूनही सांगता येतं. ढोलाचा दणका मात्र नुसता छातीत बसतो, कुठून आला ते कळत नाही. खालचे सूर कानाला दिशा सांगत नाहीत. म्हणून 80 च्या खालचं काम डिकीतल्या सबने केलं तरी बास डॅशबोर्डवरूनच आल्यासारखा वाटतो. तोच लो पास 150 वर ठेवलास, तर पुरुषी आवाजाचा तळ डिकीतून बोलायला लागतो. गुडगुड म्हणतोस तिच्यात याचाही वाटा असेल.

बॉक्स पोर्टचा आहे, म्हणून ॲम्पवर सबसोनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) असेल तर तो चालू कर. पोर्ट ज्या सुराला लावलाय त्याच्या खाली कोनला, म्हणजे सबच्या हलणाऱ्या पडद्याला, मागून हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो. बॉक्स 35 हर्ट्झचा असेल तर फिल्टर 28-30 च्या आसपास ठेव. सीलबंद बॉक्सात आतली हवाच स्प्रिंगसारखी कोनला धरून ठेवते, तिथे ही भानगड नाही.

शेवटी फेज, म्हणजे सब आणि दारातले स्पीकर एकाच वेळी आत-बाहेर हलतात का ते. तू ड्रायव्हरच्या सीटवर बस, मित्राला डिकीपाशी उभा कर. अभंगाचं चांगलं रेकॉर्डिंग लाव, पखवाज नीट घेतलेला. मित्राने फेजचं बटण 0 वरून 180 वर, पुन्हा 0 वर करायचं. कणीक लावलेल्या डाव्या पुडीची घुमक ज्या जागी भरदार येते ती जागा ठेव. दुसऱ्या जागी ती पोकळ वाटेल, कारण दारातले स्पीकर आणि सब एकमेकांचा आवाज खात असतात. मी गाडी हातावेगळी करण्याआधी पखवाजच लावतो. गिऱ्हाइकाला डीजे ऐकायचा असतो, पण डीजेत काहीही खपून जातं.

प्रश्न : सिन्नरहून लिहितोय. ठेक्याबरोबर गाडीचे हेडलाइट मंद होतात. दुकानदार एक फॅरडचा कपॅसिटर घ्या म्हणतो. घेऊ का?

आधी अर्थिंग बघा, साहेब, म्हणजे ॲम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडलीय ती जागा. पैसे कुठे जात नाहीत.

माझीच गोष्ट सांगतो. धंद्यात नवा होतो, तेव्हा स्वतःच्या व्हॅनमध्ये ॲम्प बसवला आणि अर्थची वायर मागच्या सीटच्या बोल्टला आवळली. बोल्टखाली रंग होता, तो खरवडायचा कंटाळा केला. इगतपुरीला जाताना पावसात ॲम्प सारखा बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा. घरी येऊन हात लावला तर लग (वायरीच्या टोकाची धातूची रिंग) चटका बसेल इतका तापलेला आणि वायरीचं प्लास्टिक मऊ झालेलं. ॲम्पचा काही दोष नव्हता. आळस माझा.

तर अर्थची वायर दीड फुटापेक्षा लांब नको, आणि पॉझिटिव्हइतकीच जाड हवी. बॉडीच्या पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, रिंग लग वायरीवर नीट दाबून (क्रिंप करून) बोल्टने आवळा, वरून ग्रीस लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नका. तपासायचं असेल तर गाणं मोठ्याने लावा, मीटर डीसीवर ठेवा, एक काडी ॲम्पच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. 0.1 व्होल्टच्या आसपास असेल तर उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर सापडला.

मग वायर सोलून बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते. तीच हवी असेल तर एक नंबर जाड घ्या. आणि बॅटरीपासून फूट-दीड फुटात फ्यूज आहे ना, तेही बघा. तो ॲम्प वाचवायला नसतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

कपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवणारा डबा, त्याचं गणित फार सोपं आहे. एक फॅरडचा कपॅसिटर 14 व्होल्टवरून 12 वर येईपर्यंत 26 ज्यूल देतो. ॲम्प 500 वॉट ओढत असेल तर ते सेकंदाच्या विसाव्या भागात संपतात. एक ठेकासुद्धा निघत नाही. त्यानंतर जे लागतं ते अल्टरनेटर आणि बॅटरीलाच द्यावं लागतं. कपॅसिटरवरचा निळ्या दिव्याचा आकडा दिसायला छान दिसतो, एवढंच. गाडी चालू असताना, गाणं जोरात लावून, बॅटरीवर 13.5 च्या वर राहत असेल आणि ॲम्पवर 12 च येत असेल, तर वायरिंगमध्ये खोट आहे. बॅटरीवरच 12 आला तर बॅटरी आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

प्रश्न : दादा, सातपूरला कंपनीत आहे. बोनसमधून दोन सब घेतले, दोन्ही डबल कॉइलचे, 4 अधिक 4 ओहम. मोनो ॲम्प कमीत कमी 2 ओहमवर चालतो. 2 ओहमवर दोन्ही कसे जोडू?

जोडताच येणार नाहीत. चारही कॉइल समांतर केल्या तर 1 ओहम होतो, तो ॲम्प मारेल. प्रत्येक सबच्या दोन कॉइल समांतर करून दोन सब एकापुढे एक जोडले तर 4. एकेका सबच्या कॉइल एकापुढे एक आणि दोन सब समांतर, तरी 4 च. सगळं एकापुढे एक केलं तर 16. त्यात 2 कुठेच बसत नाही.

एकच सब लाव. त्याच्या दोन कॉइल समांतर केल्या की 2 ओहम मिळतात आणि ॲम्प पूर्ण ताकद देतो. दोन सब 4 ओहमवर लावले तर ॲम्प साधारण निम्मी ताकद देईल, म्हणजे 3 डेसिबल गेले. दुसऱ्या कोनमुळे 3 डेसिबल परत आले. आवाज जवळजवळ तेवढाच आणि डिकी मात्र गेली. दुसरा सब दुकानदार परत घेत असेल तर दे. दोनच हवे असतील तर 2 अधिक 2 चे बदलून घे. प्रत्येकाच्या कॉइल एकापुढे एक जोडून 4 कर, मग दोन्ही समांतर लावले की तुझे 2 ओहम तयार.

प्रश्न : गंगापूर रोडवर राहते. मुलाने गाडीत बास बसवलाय, मागून टरटर असा पत्र्याचा आवाज येतो. सबच खराब निघाला का?

नाही ताई, बहुतेक नंबर प्लेट असेल. मुलाला गाणं लावायला सांगा, तुम्ही मागे उभं राहून प्लेटवर तळवा दाबा. टरटर थांबली तर प्लेटमागे फोमच्या चिकटपट्ट्या लावा, पन्नास-शंभर रुपयांचं काम. नाही थांबली तर डिकीचं झाकण, मग डिकीतला जॅक आणि पाना. माझ्याकडे एकदा दोन तास गाडी खोलून शेवटी स्टेपनीच्या खड्ड्यात नारळ सापडला होता. गाडी घेतली तेव्हाच्या पूजेचा.

प्रश्न : इंदिरानगर. सोसायटीवाले म्हणतात, काचा बंद असल्या तरी तुमच्या गाडीचा आवाज तिसऱ्या मजल्यावर येतो. काचा बंद असताना कसा येईल?

येतो. काच आणि भिंत वरचे सूर अडवतात, 40-50 हर्ट्झ अडवत नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे. स्टिरिओच्या मेनूत सबची वेगळी पातळी असते. गेटच्या आत शिरताना ती पूर्ण खाली आणा, बाकी गाणं चालू राहू द्या. गेनला हात लावू नका.