बाणाईपाशी थांबू

चि. मनू,

काल रात्री बॅग भरता भरता तू विचारलंस आणि मी "उद्या सांगते" म्हणून इस्त्रीला लागले. आज पहाटे तू निघणार, म्हणून हे पत्र बेन्तोच्या, म्हणजे डब्याच्या, पिशवीत ठेवते आहे. शिनकानसेनमध्ये, बुलेट ट्रेनमध्ये बसलीस की वाच.

तुझा प्रश्न होता: 'गोतोबुन नो हानायोमे' या मांगातल्या (जपानी चित्रकथेतल्या) पाच जुळ्या बहिणी एकाच मुलावर जीव टाकतात, एकमेकींशी भांडतात, पण प्रत्येक जण केवढी बदलते. मग आजीच्या गोष्टींतल्या रुक्मिणी-सत्यभामा, म्हाळसा-बाणाई नुसत्या रुसून का बसतात? आपल्याकडे कोणी बदलतच नाही का?

तुझे 14 खंड मी दुपारी एकेक करून सगळे वाचलेत. जपानला आले तेव्हा मी काना, म्हणजे जपानी अक्षरं, गिरवली ती रुमिको ताकाहाशींच्या 'रान्मा' या मांगावर. तिथेही एकाच मुलामागे अकाने, शॅम्पू, उक्यो. 1987 ते 1996, 38 खंड. शेवटी लग्न ठरतं, ऐन लग्नात धुमाकूळ होतो, लग्न राहतं आणि सगळे होते तिथेच. मला ते फार आवडायचं, अजूनही आवडतं. पण तिथे भांडण हीच गंमत होती. दर आठवड्याला नवं भांडण, आणि पुढच्या आठवड्याला पाटी कोरी.

'गोतोबुन'च्या नेगी हारुबांनी ती वाट पहिल्याच प्रकरणात बंद केली. गोष्ट सुरू होते तीच फुतारोच्या, त्या पाच जणींना शिकवणाऱ्या मुलाच्या, लग्नाच्या दिवशी. पाचांतली एक नवरी होणार हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणजे चौघींच्या वाट्याला ते येणार नाही हेही ठाऊक असतं. त्यामुळे मी वाचताना 'कोण' हे फार शोधलं नाही. जिला मिळणार नाही ती काय करेल, हे बघत राहिले.

तुला ती पहिली परीक्षा आठवते? पाच जणींचे मिळून 100 गुण. आणि फुतारोच्या लक्षात येतं की एकीचं बरोबर आलेलं उत्तर दुसरीचं आलेलंच नाही. सगळी गोष्ट मला त्या एका पानात दिसते. चेहरा एक, पण प्रत्येकीला येतं ते वेगळं, आणि ते त्यांचं त्यांनाच माहीत नाही. मिकु तर पाचांत आपणच सगळ्यात कमी असं धरून चाललेली. सेनगोकु काळातले, म्हणजे जपानच्या जुन्या लढायांच्या काळातले, सरदार आवडतात हेसुद्धा ती लाजून लपवते. तीच पुढे पाव भाजायला शिकते, जळलेले, फसलेले पाव पुन्हा पुन्हा करते. सुरुवात त्याच्यासाठी असते. शेवटी तिला स्वयंपाकच शिकायचा असतो, तो मिळो न मिळो. मिकु मला सगळ्यात जवळची वाटली ती त्यामुळे.

निनो तुझी लाडकी. मोटारसायकलवर मागे बसून ती त्याला सांगते की तू मला आवडतोस, आणि वाऱ्यात त्याला ऐकूच जात नाही. तिथे गप्प बसता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं, लाजही राहिली असती. ती पुन्हा सांगते. त्या पानावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

आणि इचिका. तू म्हणालीस, ती वाईट आहे. मिकुचं सोंग घेऊन तिने फुतारोला फसवलं, हे वाईटच. पण पाचांत थोरली म्हणून जिने कायम दुसऱ्यांना पुढे केलं, तिला पहिल्यांदा स्वतःसाठी काही हवंसं झालं आणि मागायचं कसं हेच तिला येत नव्हतं. तू आज जातेस त्याच क्योटोत ते सगळं उघडं पडतं. ती रडते, माफी मागते, आणि मिकु तिला दूर लोटत नाही. योत्सुबाचं उलटं. आपल्यामुळे बहिणींना शाळा सोडावी लागली हे ओझं घेऊन ती मनातलं मनातच ठेवते. फुतारो तिचं नाव घेतो तेव्हाही आधी तिला बहिणींना तोंड द्यायचं असतं.

आता आपल्याकडचं. रुसणं हे आपल्याकडे बोलणंच होतं, मनू. तुझ्या पणजीच्या पिढीत "मला हवंय" असं तोंडाने म्हणायची सोय नव्हती. मग तोंड फिरवायचं, जेवायला यायचं नाही, आणि कोणीतरी येऊन रुसवा काढायचा. राधेला पाहून रुक्मिणी रुसली, द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली. देव तिला शोधत आला, तिथेच विटेवर उभा राहिला. पंढरपुरात रखुमाईचं देऊळ अजून वेगळं आहे ते म्हणूनच, असं सांगतात. मला ती गोष्ट प्रिय आहे. पण त्यात मागे येणारं कोणीतरी लागतं. निनोला ते लागत नाही, आणि खरं सांगू, मला तुझ्यासाठी निनोची रीत जास्त आवडेल.

कोणी बदलत नाही असं मात्र नाही. तुलेची गोष्ट आजीने सांगितली आहे ना? सत्यभामा सगळे दागिने पारड्यात घालते तरी कृष्णाचं पारडं हलत नाही. मग ती जाते कोणाकडे? रुक्मिणीकडेच. रुक्मिणी तुळशीचं एक पान ठेवते आणि पारडं उचललं जातं. आजी त्या पानाचं कौतुक सांगते. मला सवतीच्या दारात उभी राहिलेली सत्यभामा दिसते. ती इचिकाच आहे.

म्हाळसा-बाणाईचं वेगळं. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत दोघी एकमेकींना काय काय बोलतात! पण तिथे कोणी हरत नाही. देव दोघींना जागा देतो, म्हाळसा वर गडावर, बाणाई अर्ध्या डोंगरात. तुझ्या 'बोकुबेन' या दुसऱ्या मांगामध्ये पाच जणींचे पाच वेगळे शेवट आहेत ना, तसंच काहीसं. कोणाचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून.

डब्यात मेथीचे पराठे आहेत, मैत्रिणींना दे. फुशिमी इनारीच्या देवळाला पायऱ्या पुष्कळ आहेत, पाणी जवळ ठेव. डिसेंबरात आपण जेजुरीला जाऊ. मागच्या वेळी बाबा घाईघाईने सरळ वर घेऊन गेले होते. या वेळी आपण दोघी बाणाईपाशी थांबू.

तुझी,
आई