घर यजमानांच्या एकट्याच्या नावावर. टेक्ससमध्ये वारस नोंद कुठे करायची?

प्रश्न: मी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहते. माझे यजमान गेल्या वर्षी अचानक गेले. इच्छापत्र सापडलेलं नाही. 2014 साली घर घेतलं तेव्हा मी एच-4 (जोडीदाराच्या) व्हिसावर होते, म्हणून कर्ज आणि डीड (खरेदीखत) दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर. आम्हाला अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. आता घर विकून लहान घरात जायचं आहे, पण टायटल कंपनी (विक्रीआधी मालकीचे कागद तपासणारी कंपनी) म्हणते की रेकॉर्डवर तुमचं नाव नाही. मी कॉलिन काउंटीच्या साइटवर त्यांचं नाव शोधलं तर काहीच निघत नाही. पुण्याचे दीर म्हणतात की हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईचा एक तृतीयांश हिस्सा आहे, शिवाय डाउन पेमेंटला बाबांनी पैसे पाठवले होते. पुण्यात यजमानांच्या नावावर एक फ्लॅटही आहे. वारस नोंद कुठे करू? घर माझं आहे की नाही?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण झोप त्यानेच उडवली असणार. तुम्ही लिहिलंय त्यावरून घर तुमचंच आहे. टेक्ससमध्ये लग्नानंतर घेतलेली मालमत्ता, डीडवर नाव कुणाचंही असो, दोघांची सामाईक धरली जाते. म्हणजे अर्धं घर पहिल्या दिवसापासून तुमचं होतं. उरलेला अर्धा हिस्सा इच्छापत्र नसताना कुणाकडे जातो? मयताची सगळी मुलं हयात पत्नीचीही असतील तर तो पूर्णपणे पत्नीकडे जातो. तुमचा मुलगा तुम्हा दोघांचा आहे. यजमानांना आधीच्या लग्नाचं मूल नसेल, तर घर सगळं तुमच्याकडे आलेलं आहे.

आता शोधाकडे वळू. कॉलिनमध्ये काही निघालं नाही म्हणून घाबरू नका. फ्रिस्को शहर दोन काउंट्यांमध्ये पसरलेलं आहे. पूर्वेकडचा भाग कॉलिनमध्ये आणि पश्चिमेकडचा डेंटनमध्ये. मालमत्ता कराचं बिल काढा, त्यावर काउंटीचं नाव असतं. डेंटन असेल तर डेंटन काउंटी क्लार्कच्या, म्हणजे काउंटीत कागद नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नोंदींत शोधायचं. पुढचा प्रत्येक कागदही तिथेच नोंदवायचा. दुसऱ्या काउंटीत नोंदवलेला कागद खरेदीदाराच्या वकिलाला दिसणारच नाही.

तिथेही नाव सापडलं नाही तर आडनाव आधी टाकून बघा, मग यजमानांचं नाव, मग सासऱ्यांचं नाव आडनावाच्या जागी टाकून. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव गिव्हन नेमला चिकटलेलं असतं, आणि टाइप करणाऱ्याला शेवटचा शब्द कुठला धरायचा ते कळत नाही. उदाहरणार्थ, देशमुखमधला शेवटचा एच गळला तरी शोधात नोंद येत नाही. अशा वेळी नाव सोडून द्यायचं आणि कराच्या बिलावरचा सबडिव्हिजन, ब्लॉक आणि लॉट टाकून शोधायचं. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या साइटवर मालकाच्या रकान्यात जे नाव दिसतं त्यावर विसंबू नका. तो विभाग कराचं मूल्यांकन करतो, मालकी ठरवत नाही.

2014 चे दोन कागद मिळायला हवेत. एक वॉरंटी डीड, म्हणजे खरेदीखत, आणि त्याच दिवशी नोंदलेलं डीड ऑफ ट्रस्ट, म्हणजे कर्जाचा तारण कागद. हा दुसरा कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा. राहत्या घराच्या तारणावर बँका बहुधा नवरा-बायको दोघांची सही घेतात. डीडवर नाव नसलेल्या कितीतरी बायकांची सही तिथे असते आणि त्यांना ती आठवतही नसते. यजमानांच्या नावापुढे ‘विवाहित’ असा उल्लेखही बहुधा असतो. लग्नानंतर घर घेतलं हे दाखवायला हा चांगला आधार आहे. दोन्हीच्या प्रमाणित प्रती क्लार्ककडूनच घ्या. प्रमाणपत्राचे 5 डॉलर आणि पानाला 1 डॉलर, इतकाच खर्च आहे. ‘तुमच्या डीडची प्रत मागवा’ म्हणून घरी सरकारी दिसणारी पत्रं येतात, त्यांना पैसे पाठवू नका.

आता वारस नोंद. तुमच्या मनात तलाठी कार्यालय आहे, आणि गोंधळ तिथूनच होतोय. आपल्याकडे अर्ज दिला की तलाठी फेरफार घेतो, नोटिसा काढतो, मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर नाव लागतं. काउंटी क्लार्क यातलं काहीही करत नाही. नोटरीपुढे सही केलेला कागद आला, फी भरली, की तो स्कॅन करून नंबर घालून ठेवतो. आत लिहिलेलं खरं की खोटं, वारस कोण, हे त्याच्या कामात येत नाही. मालकी कुणाची ते पुढे टायटल कंपनी हे सगळे कागद ओळीने वाचून ठरवते. तुमच्या बाबतीत त्या ओळीत एक कागद कमी आहे.

तो कागद म्हणजे अॅफिडेव्हिट ऑफ हेअरशिप, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र. मयत कधी आणि कुठे वारले, लग्नं किती झाली, मुलं किती (दत्तक धरून), इच्छापत्र होतं का, देणी काय राहिली, हे सगळं त्यात शपथेवर लिहायचं. ते शपथेवर सांगणाऱ्या मात्र तुम्ही स्वतः नसायला हव्यात. कुटुंबाला वर्षानुवर्षं ओळखणारे, आणि घरात ज्यांचा काही हितसंबंध नाही असे दोन साक्षीदार लागतात. कॉलेजपासूनचा मित्र उत्तम. तुमचे सख्खे भाऊ-बहीण नकोत. डीडवरचं नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव यांत फरक असेल तर ‘या नावानेही ओळखले जात’ म्हणून दोन्ही रूपं यातच लिहून घ्या. फी पहिल्या पानाला 25-26 डॉलर, पुढच्या पानांना 4 डॉलर.

मसुदा टेक्ससच्या वकिलाकडूनच करून घ्या. भारतात नोटरी वकील असतो, इथे तो फक्त सही ओळखतो. मालकीवर परिणाम करणारा कागद पैसे घेऊन तयार करायला इथे वकिलाशिवाय इतरांना मनाई आहे. आणि सह्या होण्याआधी मसुदा टायटल कंपनीला दाखवा, हे विसरू नका. असं प्रतिज्ञापत्र पाच वर्षं रेकॉर्डवर राहिलं की न्यायालय ते प्रथमदर्शनी पुरावा मानतं. त्याआधी ते स्वीकारायचं की नाही हे कंपनी ठरवते. स्वच्छ प्रकरणात बहुतेक कंपन्या स्वीकारतात. नाहीच म्हणाल्या तर प्रोबेट न्यायालयातून, म्हणजे वारसा आणि इच्छापत्रांची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायालयातून, वारस ठरवून घ्यावे लागतात. तिथे अज्ञात वारसांसाठी न्यायालय वेगळा वकील नेमतं, आणि वेळ व खर्च दोन्ही वाढतात.

या सगळ्याआधी एक काम करा. यजमानांचं कपाट, जुन्या वह्या, पत्रं पुन्हा एकदा बघा. पूर्ण स्वतःच्या हाताने लिहून सही केलेलं इच्छापत्र टेक्ससमध्ये साक्षीदारांशिवायही चालतं. तसं काही निघालं तर वर लिहिलेलं बदलतं, आणि ते न्यायालयात दाखल करायला साधारणपणे मृत्यूपासून चार वर्षं असतात.

आता सासऱ्यांच्या पैशांबद्दल, आणि इथे मी तुम्हाला गोड बोलून सोडणार नाही. एका जोडीदाराला बक्षीस मिळालेली रक्कम त्याची स्वतंत्र मालमत्ता असते. ती फक्त मुलाला दिली होती आणि थेट घरात गेली हे कुणी ठोस पुराव्याने दाखवलं, तर घराचा तेवढा भाग सामाईक राहत नाही. त्या भागात तुम्हाला एक तृतीयांशाचा हयातीपुरता हक्क आणि बाकी सगळं तुमच्या मुलाचं. मुलगा अल्पवयीन असल्याने त्याचा भाग विकायला न्यायालयाची परवानगी लागेल. म्हणून 2014 ची बँकेची पानं काढा, पैसे कुणाच्या खात्यात आले ते बघा आणि वकिलापासून काही लपवू नका. पण या वाटेनेही सासूबाईंकडे काही जात नाही. त्या पैशांचं काहीही निघालं तरी, घर न विकता हयातभर त्यात राहण्याचा तुमचा हक्क टेक्ससच्या घटनेने राखलेला आहे.

कर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवा. मृत्यूमुळे घर पत्नीकडे आलं म्हणून बँक सगळं कर्ज एकदम मागू शकत नाही, 1982 च्या केंद्रीय कायद्याने तिला तशी मनाई आहे. ‘सक्सेसर इन इंटरेस्ट’, म्हणजे घराचा हक्क पुढे मिळालेली व्यक्ती, म्हणून आपली नोंद करून मागा, म्हणजे कर्जाची माहिती तुम्हाला मिळू लागेल. तोवर हप्ते चुकवू नका.

राहिले दीर. स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो. फ्रिस्कोच्या घराला 1956 चा हिंदू वारसा कायदा लागत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पुण्याच्या फ्लॅटला मात्र तो लागतो, आणि तिथे आई, पत्नी आणि मुलगा असे तिघे पहिल्या वर्गातले समान वारस आहेत. त्या फ्लॅटच्या वारस नोंदीत सासूबाईंचं नाव लावायला हवं. त्यांचाही मुलगा गेलाय. फ्लॅटमधला त्यांचा हिस्सा तुम्ही स्वतःहून फोन करून मान्य केलात, तर फ्रिस्कोच्या घराबद्दलचं तुमचं म्हणणंही सासरी नीट ऐकलं जाईल असं मला वाटतं.