पोटॅशियम नॉर्मल आलंय, तरी सांगायचं का?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस (रक्तातलं पोटॅशियम अचानक उतरून हातपाय लुळे पडण्याचा आजार) आहे, वर्षातून दोन-तीनदा सकाळी उठतो तर हातपाय उचलतच नाहीत. आता दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय. पोटॅशियम ४.१ आलं म्हणून घरचे म्हणतात, जुनं काही सांगत बसू नका. काय करू?

उत्तर: सांगाच, आणि नुसतं सर्जनना नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी भेटून जुने रिपोर्ट दाखवा. या आजारात अटॅक नसताना पोटॅशियम नॉर्मलच असतं हो, ४.१ वर विसंबू नका! अटॅकमध्ये ते अंगाबाहेर जात नाही, रक्तातून स्नायूंच्या पेशींत शिरतं, आणि त्याला आत ढकलणाऱ्या गोष्टी म्हणजे इन्सुलिन, थंडी, टेन्शन, ऑपरेशनच्या दिवशी सगळ्या एकदमच येतात.

मला सगळ्यात काळजी सलाईनची वाटते. पेशंट उपाशी म्हणून सवयीनं ग्लुकोज लावलं की इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम खाली येतं, म्हणून बिनग्लुकोजचं सलाईन हवं, पोटॅशियम द्यायची वेळ आली तरी ते ग्लुकोजमध्ये मिसळून नको. उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन देतात तेही स्टेरॉइडच, त्यानंही अटॅक येऊ शकतो. अंग गरम ठेवायचं, ईसीजी चालू, पोटॅशियम पुन्हापुन्हा तपासायचं. या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते म्हणजे स्नायू सैल करायचं औषध आलंच, त्यात सक्सिनिलकोलीन टाळतात, कमी वेळ टिकणारं औषध देतात आणि ताकद परत आली हे नर्व्ह स्टिम्युलेटरनं (नसेला हलका झटका देऊन स्नायू हलतो का बघायचं यंत्र) बघूनच श्वासाची नळी काढतात.

आणि फाइलवर आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं 'पोटॅशियमचा त्रास' नको, कारण हायपरकॅलेमिक (पोटॅशियम वाढणाऱ्या) प्रकारात ग्लुकोज-पोटॅशियमचं सगळं उलटं असतं, तिथे उपास आणि पोटॅशियमनंच अटॅक येतो आणि ग्लुकोज उपयोगी पडतं. अॅसिटाझोलामाइड (अटॅक टाळायची गोळी) चालू असेल तर मनानं बंद करू नका, विचारा.

अटॅक ऑपरेशननंतर काही तासांनीही येतो, तेव्हा रात्री जवळ थांबणाऱ्याला हे माहीत हवं. भाऊ नीट जागा आहे पण पाय हलत नाहीत असं झालं तर 'भूल उतरली नसेल' म्हणून वाट बघत बसू नका, लगेच नर्सला बोलवा आणि पोटॅशियम तपासायला सांगा. ते भरतानाही घाई नको, कारण पेशींत गेलेलं परत बाहेर आलं की रक्तात जास्त होऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात.