सोसायटीतली, गल्लीतली रोजची भांडणं थांबून शांतता कशी नांदेल?

तुम्ही लिहिलंय की धानोरीतल्या तुमच्या सोसायटीत पार्किंगवरून सुरू झालेला वाद व्हॉट्सअॅप ग्रुपवर जात-धर्मापर्यंत गेला. आता सगळ्यांना एकत्र बसवून समजवावं का, हा तुमचा प्रश्न. आत्ता बसवू नका. तापलेल्या माणसांची सभा घेतली की जो काल ग्रुपवर लिहून मोकळा झाला, तो आज बायकोमुलांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर तेच बोलतो. मग त्याला शब्द मागे घेणं जड जातं.

मी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचा बरीच वर्षं सेक्रेटरी होतो. माझं मत असं झालंय की शांततेचं काम भांडण नसताना करायचं असतं. भांडण पेटल्यावर फक्त विझवाविझवी होते, आणि तीही अर्धवट.

आमच्याकडे दर उन्हाळ्यात पाण्यावरून जुंपायची. टँकर आला की टाकीजवळच्या विंगला पाणी चढायचं आणि मागच्या विंगचे वरचे मजले कोरडे. वॉचमनला प्रत्येक जण दरडावणार, तो बिचारा जो जास्त ओरडेल त्याचा व्हॉल्व्ह आधी उघडणार. शेवटी एका वर्षी दिवाळीनंतर, धरणं भरलेली आणि नळाला पाणी व्यवस्थित असताना, आम्ही बसलो. टँकर आल्यावर कुठली विंग आधी, किती वेळ, दर आठवड्याला क्रम कसा फिरणार, चावी कुणाकडे, एवढंच ठरवलं. चावी वॉचमनकडून काढून प्रत्येक विंगच्या एकेका माणसाकडे आळीपाळीने दिली आणि कागद लिफ्टमध्ये लावला. एप्रिलमध्ये आरडाओरडा झालाच. पण लोक एकमेकांवर ओरडण्याऐवजी त्या कागदावर ओरडत होते, आणि कागदाला राग येत नाही.

(‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी मात्र या कागदात धरू नका. ती एकट्याने ठरवलेली असते. वाचून करमणूक होते, भांडण मिटत नाही.)

धर्मावरून तुमच्याकडे जे सुरू झालंय, त्यालाही हेच लागू आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. पुढे तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्त्यावस्त्यांत मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसं होती आणि त्या भागाचा बीटवरचा पोलीस होता, आणि हे सगळे दंगल नसताना नियमित भेटत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली तर खरंखोटं कुणाला विचारायचं, हे तिथल्या माणसांना माहीत होतं. सणांच्या तोंडावर पोलीस चौकीत होणाऱ्या शांतता समितीच्या बैठका मी पाहिल्यात. त्यांतला बराचसा वेळ हारतुरे आणि फोटोत जातो. खरा उपयोग होतो तो चहाच्या वेळी, दोन मंडळांचे कार्यकर्ते एकमेकांचा नंबर घेतात तेव्हा.

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपण होऊन जुलूस पुढे ढकलला आणि सरकारनेही ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. हे आधी बोलणं झालं म्हणून जमलं. त्या दिवशी सकाळी चौकात उभं राहून ते ठरलं नसतं.

आवाजावरून वाद असेल तर ‘तुमचा सण, आमचा सण’ यात शिरूच नका. २००० सालचे ध्वनी नियम सगळ्यांना सारखेच आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. भटक्या कुत्र्यांचंही तसंच. २०२३ च्या नियमांनुसार त्यांना खायला घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी सोसायटीवर टाकली आहे, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिन्यापासून लांब. प्रेम योग्य की भीती, यावर कितीही बोललात तरी संपणार नाही. जागा आणि वेळ यावर बोललात तर अर्ध्या तासात संपतं.

आता तुमचं पार्किंग. ग्रुप काही दिवस फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा करून ठेवा. ज्या दोघांची जास्त वाजली, त्यांच्या घरी वेगवेगळं जा. एकटे जाऊ नका, दोघंही ज्यांचं ऐकतात अशा कुणाला सोबत घ्या. आमच्याकडे त्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांच्यापुढे आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. ग्रुपवर कोण काय म्हणालं, हा विषय काढू नका. गाडी कुठे लागते, किती वाजता येते आणि जाते, तेवढंच विचारा. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर आदर्श उपविधींमध्ये (सोसायटीच्या कारभाराची सरकारी नमुना नियमावली) दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायची सोय आहे, ती वापरा.

इतकं करूनही एखादा हटून बसलाच तर सहकार न्यायालय आहे, पण त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत जाता येतं. तिथे फी लागत नाही, आणि झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येक ओळ नीट वाचा.

आणि चिठ्ठ्यांची सभा मे महिन्यात ठेवू नका. अर्धी सोसायटी गावाला गेलेली असते, आणि जूनमध्ये परत आल्यावर ‘आम्हाला कुणी विचारलं?’ म्हणून नवं सुरू होतं.