पैसे फिटेपर्यंत चर्चला कसं येऊ, अक्का?

"पैसे फिटूदेत अक्का, मग येतो की चर्चला." बेळगाव-खानापूर भागात हे मी खूप जणांकडून ऐकलंय, कुणाची दारू असते, कुणाचं बाहेर काहीतरी असतं, कुणाचा पैशाचा घोळ, पण म्हणणं एकच की आधी मी नीट होतो मग देवाकडे येतो. त्यातली एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वडगावात पॉवरलूमवर काम करणारा चाळिशीचा माणूस, चर्चच्या मंडळीतल्या लोकांची भिशी याच्याकडे असायची. मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायला लागला, आधी पगार गेला मग भिशीला हात घातला, असं करत ४२,००० रुपये गेले. नाताळच्या तोंडावर हिशेब मागितला तेव्हा सगळं बाहेर आलं. त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं, महिन्याला ३,००० देतो म्हणाला, लोकांनी मान्यही केलं. तरी सात महिने आत पाऊल नाही. दर रविवारी बायको आणि मुलीला गेटपर्यंत सोडायचा, गाडी चालूच ठेवून पाय टेकवून थांबायचा, पहिलं गीत सुरू झालं की निघून जायचा.

बायकोच माझ्याकडे घेऊन आली त्याला. मी पहिल्यांदा सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? बराच वेळ खाली बघत बसला, मग "दोनदा आला" म्हणाला. म्हणून बायबल उघडायच्या आधी डॉक्टरकडे पाठवलं, टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. प्रार्थना करतोय मग डॉक्टर कशाला असं कुणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं. रमीचं ॲप काढलं, पगार बायकोच्या हातात द्यायचं ठरलं.

पुढच्या वेळी तो स्वतःचं बायबल घेऊन आला, १ करिंथ ११ ला, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, लाल पेनानं रेघ मारलेली. अयोग्य रीतीनं प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये घेतात ती भाकर आणि प्याला) घेतलं तर दंड, तेवढ्यावरच अडकलेला. मी म्हटलं मधलं वाच. पौल रागावलाय ते जेवणात गरिबांना उपाशी ठेवून आपलं आपण खाणाऱ्यांवर, आणि स्वतःची परीक्षा कर म्हणतो ती खाऊ नये म्हणून नाही, "आणि मग खा" असंच आहे तिथं. मग लूक १९ मधला जक्कय काढला. उंबरावर चढलेला जकातदार, लोकांना लुबाडलेला. येशू आधी म्हणतो आज तुझ्या घरी उतरायचंय, आणि चौपट परत देण्याची गोष्ट जक्कय त्याच्यानंतर काढतो. दोन्ही वाक्यं त्याला बोट ठेवून वाचायला लावली, दोनदा.

"पण लोक बघतील की ओ."

बघतील, म्हटलं. देवानं माफ केलं म्हणून माणसांचा विश्वास लगेच परत येत नाही, भिशीची वही एवढ्यात परत मागायची नाही. जुगाराची सवय असलेल्यापासून पैसा लांब ठेवणं हे पण प्रेमच आहे. हे त्याला पटलं, उलट जरा हलकं वाटलं असं म्हणाला.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी त्यानं गाडी बंद करून स्टँडवर लावली. मला नंतर सांगत होता, "हात इतका थरथरत होता अक्का, प्याला सांडतोय काय वाटलं." तेव्हा अजून १८,००० बाकी होते.