ताणणारा रॅप बांधताना

अगं, बाळाला छातीशी बांधून घ्यायचं तुझं ते लांब कापड, म्हणजे रॅप, होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाचा आहे ना? मग गाठ आधी मार, बाळ नंतर आत सरकव. मधला पट्टा पोटावर, टोकं पाठीवर फुली करून खांद्यांवरून पुढे, पट्ट्याखालून काढून पुन्हा फुली, मग कमरेला गाठ. अंगासरशी बसायला हवा. सैल राहिला की बाळ खाली घसरतंच. बाळाला फुलीत बसवलं की पुढचा पट्टा त्याच्या पाठीवर ओढून घे. गुडघे ढुंगणापेक्षा वर, टाळू तुझ्या ओठांना लागेल इतकं उंच. हनुवटी छातीला टेकू देऊ नकोस, नाक उघडं हवं. या कापडात पाठीवर कधीच बांधायचं नाही. सुती साडी चालते, पण ती आधी बाळाला छातीशी घेऊन, एकेक चुणी ओढत आवळावी लागते. आणि बाळ बांधून गॅससमोर उभी राहू नकोस, सासूबाई काहीही म्हणोत.