मराठी ब्लॉगची मांडणी: आधी अक्षर, मग थीम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाई, मेणवली, लिंब, औंध, मिरज अशा सातारा-सांगलीकडच्या जुन्या वास्तूंवर वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर मराठीत ब्लॉग सुरू करायचाय. इंग्रजी थीमचे, म्हणजे साइटच्या तयार साच्यांचे, भरपूर डेमो पाहून झालेत, पण डेमोत देखणी वाटलेली थीम आपला मजकूर ओतला की विस्कटते. मग चांगल्या डिझाइनची प्रेरणा घ्यायची तरी कुठून?

थीम का विस्कटते ते आधी बघू, म्हणजे प्रेरणेचं उत्तर आपोआप सापडेल. डेमोतली शीर्षकं तीन-चार शब्दांची आणि कॅपिटल अक्षरांतली असतात. त्या अक्षरांच्या वर काही नसतं आणि खालीही काही नसतं. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. थीम बनवणाऱ्याने ओळींमधली जागा रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेली असते, त्यात हे सगळं मावत नाही. त्यामुळे डेमोवरून थीम निवडणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट फक्त रंग बघून घेणं.

म्हणून क्रम उलटा करा. आधी स्वतःचा एक पूर्ण लेख तयार ठेवा, सातशे-आठशे शब्दांचा, चार फोटोंसह. कुठलीही थीम तपासताना तोच लेख टाकायचा. आणि शीर्षक म्हणून हे वाक्य द्यायचं: ‘मेणवलीच्या घाटावरची पोर्तुगीज घंटा आणि कृष्णेच्या पुरात बुडणाऱ्या काळ्या पायऱ्या’. मुद्दाम लांब आणि मुद्दाम अवघड आहे. मोबाइलवर ते तीन-चार ओळींत जाईल, तेव्हा तीन जागा जवळून बघा. ‘पोर्तुगीज’मधल्या ‘र्तु’चा रफार वरच्या ओळीला चिकटतोय का आणि उकार खालून कापला जातोय का? ‘कृष्णे’चा ऋकार पूर्ण दिसतोय का? आणि ‘पायऱ्या’मधला ‘ऱ्या’ चंद्रकोरीसारखा नीट येतोय, की त्याचा ‘र्या’ झालाय? हा शेवटचा दोष टायपिंगचाही असू शकतो. साधा र वापरला तर रफारच येतो. खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग या, असं टाइप केलं की ‘ऱ्या’ बनतो. साताऱ्यावर लिहिणाऱ्याला हे अक्षर प्रत्येक परिच्छेदात लागणार, तेव्हा इथे तडजोड नको.

लेखांच्या यादीत फोटोखाली शीर्षक असलेल्या चौकटी असतात, तिथे हा त्रास जास्त होतो. शीर्षक दोन ओळींत बसवण्यासाठी थीम उरलेला भाग झाकते आणि त्या नादात दुसऱ्या ओळीचे उकारही झाकले जातात. ‘मूर्ती’ची ‘मर्ती’ दिसते. शीर्षकाची लाइन-हाइट (अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) १.२ असेल तर ती १.४ करा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

आता अक्षरांची निवड. मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ डोळे झाकून घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. शीर्षकाला जरा छापील पुस्तकाचा भारदस्तपणा हवा असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ सुंदर आहे. जुन्या वास्तूंच्या विषयाला तो शोभेल. मात्र त्यात ठळक जाडी नाही, आणि थीम शीर्षकांना आपणहून ७०० जाडी, म्हणजे ठळक अक्षर, लावते. मग ब्राउझर ओढूनताणून खोटा ठळकपणा आणतो आणि ‘क्ष’, ‘ष्ण’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या पोकळ्या बुजतात. तिरो वापरलात तर शीर्षकाची जाडी ४००, म्हणजे साधी, करा आणि मोठेपणा फक्त आकाराने आणा. एका ब्लॉगवर दोनच फाँट पुरेत. देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांची शेकडो रूपं असतात, त्यामुळे फाइल रोमनपेक्षा जड असते. चार फाँट आणि प्रत्येकाच्या पाच जाड्या लावल्या तर बामणोलीकडे रेंजच्या एका दांडीवर पान उघडणाऱ्याला नुसता पांढरा पडदा दिसत राहील.

साइटची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ ठेवायला विसरू नका. काही फाँटमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं ब्राउझरला कळलं तरच ते दिसतात. नाहीतर हिंदी वळणाचा ‘ल’ येतो.

मापं अशी ठेवा. मजकूर १८ पिक्सेल, मोबाइलवरही तेवढाच. लाइन-हाइट १.७. संगणकावर मजकुराच्या पट्ट्याची रुंदी साधारण ६८० पिक्सेल, म्हणजे ओळीत दहा-बारा शब्द येतात आणि नजर पुढची ओळ चुकत नाही. शीर्षक मोबाइलवर २६ ते २८ पिक्सेल, संगणकावर ३६. मजकूर डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळा. दोन्ही कडा जुळवल्या तर वर्तमानपत्रासारखं दिसेल असं वाटतं, पण आपले शब्द लांब आणि ब्राउझर ते सहसा तोडत नाही. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांच्या मधे भगदाडं पडतात.

आणि लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य. हे वेगळं सांगतोय, कारण मराठी साइटवर सर्वांत जास्त दिसणारा दोष हाच आहे. मेन्यू आणि बटणांवर थीम हमखास एक-दोन पिक्सेल अंतर टाकते, इंग्रजीत ते छान दिसतं. पान २०० टक्के मोठं करून मेन्यूतला ‘किल्ले’ शब्द बघा: ‘कि’ आणि ‘ल्ले’ यांच्यामध्ये शिरोरेघ तुटलेली असेल. शिरोरेघ तुटली की शब्द एका नजरेत वाचता येत नाही, अक्षरं सुटी सुटी दिसतात. ‘अतिरिक्त सीएसएस’मध्ये (साइटचं दिसणं बदलायच्या सूचना लिहायची जागा) शीर्षक, मेन्यू, बटण सगळ्यांना लेटर-स्पेसिंग शून्य करा. तिरप्या अक्षरांचंही तेच: बहुतेक देवनागरी फाँटमध्ये खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलंडवतो. अवतरणाला डावीकडे एक उभी रेघ आणि थोडी आतली बाजू द्या, काम होतं.

आता प्रेरणेकडे. मराठी मजकूर पानावर कसा बसवायचा हे शिकायचं तर मराठी छपाई बघावी, आणि त्यासाठी तुम्हाला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. जुन्या वाचनालयात या अंकांची बांधीव फाइल मिळाली तर फूटपट्टी घेऊन बसा. शीर्षक मजकुराच्या किती पट, शीर्षकाखाली किती मोकळी जागा, समास किती, चित्राखालची ओळ कुठे बसवलीय, हे मोजून वहीत लिहा. ही प्रमाणं पडद्यावर जशीच्या तशी येणार नाहीत, पण मराठी ओळीला किती हवा लागते याची नजर तयार होते.

दुसरा धडा वाईचा. मराठी विश्वकोश वाईतच तयार झाला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. त्याच्या नोंदी वाचताना ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीकडे कसं वळवलंय तिकडे लक्ष द्या. वाचक तुमच्या ब्लॉगवर गूगलमधून किंवा व्हॉट्सॲपवरच्या लिंकवरून थेट मधल्याच एका लेखावर उतरतो, मुख्यपान त्याने पाहिलेलंच नसतं. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचा लेख संपला की खाली ‘पहा: मेणवलीचा वाडा, वाईचा ढोल्या गणपती’ अशा दोन-तीन हाताने निवडलेल्या लिंक द्या. ‘संबंधित लेख’ आपोआप दाखवणाऱ्या प्लगइनपेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण काय कशाशी जोडलेलं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, यंत्राला नाही.

रंगही विषयातूनच काढा. वाड्याचा एक चांगला फोटो घ्या आणि रंग टिपायच्या कुठल्याही साधनाने त्यातले तीन रंग उचला: काळा पाषाण, चुन्याची भिंत, गेरू. उदाहरणार्थ पार्श्वभूमी लाल २५०, हिरवा २४७, निळा २४०. मजकूर तिन्ही ४३. लिंक गेरूची, १५०, ५५, ३०. या पार्श्वभूमीवर मजकुराचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) १३ च्या आसपास येतो, गेरूचा ७ च्या जवळ. वाचण्याजोग्या मजकुरासाठी आंतरराष्ट्रीय निकष किमान ४.५ चा आहे, म्हणजे दोन्ही आरामात पास.

सांगलीकडच्या ब्लॉगवर हळदीचा पिवळा वापरायचा मोह सगळ्यांनाच होतो. होऊ दे, रंग सुरेखच आहे, पण त्याची अक्षरं करू नका. २२९, १६०, ० हा पिवळा वरच्या पार्श्वभूमीवर जेमतेम २ भरतो, उन्हात मोबाइलवर दिसणारच नाही. तोच पिवळा पट्टा म्हणून वापरून त्यावर गडद अक्षरं ठेवली की ६ च्या वर जातो. आणि फोटोवर थेट शीर्षक लिहायचं असेल तर खाली गडद पट्टी टाकाच. दगडी भिंतीच्या पोतात अनुस्वार आणि मात्रा हरवतात आणि वाचणारा भलताच शब्द वाचतो.

लेखाचं डोकं कसं असावं? लोक वर्णन वाचायला येतात, पण निम्म्यांना आधी एवढंच हवं असतं: कुठे आहे, कसं जायचं, कधी जावं, किती वेळ लागेल. या चार गोष्टी एका साध्या चौकटीत, पहिल्या फोटोच्या लगेच खाली. त्याच चौकटीत ‘माहिती तपासली’ म्हणून तारीख. कासच्या फुलांचा हंगाम, प्रवेशाचे नियम, घाटरस्त्याची स्थिती बदलत राहते. तारीख नसलेली माहिती वाचून कोणी लहान मुलांसह निघालं आणि अडकलं तर दोष आपला.

मेन्यूत पाचपेक्षा जास्त नावं नकोत, आणि ती सरळ असावीत: वाडे, मंदिरं, घाट आणि विहिरी, किल्ले, माझ्याविषयी. ‘पाऊलखुणा’, ‘मनातलं’ अशी नावं गोड वाटतात, पण आत काय आहे ते कळत नाही. बोटाने दाबायची प्रत्येक जागा ४८ पिक्सेल उंच ठेवा. साइडबार, म्हणजे मजकुराच्या बाजूचा पट्टा, काढून टाका. मोबाइलवर तो सगळ्यात तळाशी जातो आणि तिथवर फारसं कोणी पोचत नाही.

शोधपेटीत मराठीची एक खास अडचण आहे. वर्डप्रेसचा शोध अक्षरं जुळवून बघतो, व्याकरण त्याला कळत नाही. ‘सांगली’ शोधलं तर ‘सांगलीत’, ‘सांगलीचा’ सापडतं, कारण मूळ शब्द तसाच राहतो. ‘सातारा’ शोधलं तर ‘साताऱ्यात’ सापडत नाही, कारण रा चा ऱ्या झाला. वाडा-वाड्यात, ओढा-ओढ्यात यांचंही तसंच. उपाय सोपा: प्रत्येक लेखात, शक्यतो वरच्या चौकटीत, गावाचं आणि वास्तूचं नाव एकदा तरी मूळ रूपात यायला हवं. ‘ठिकाण: मेणवली, तालुका वाई, जिल्हा सातारा’ या एका ओळीने हे काम होतं.

लेखाचा पत्ता, म्हणजे स्लग, मात्र रोमन अक्षरांत हाताने लिहा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेस स्लग २०० अक्षरांवर कापतं. म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून बावीसेक चिन्हांत शीर्षक अर्धवट तुटणार, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसणार. लेख प्रसिद्ध करण्याआधीच हे करा. नंतर पत्ता बदलला तर आधी वाटलेल्या लिंक तुटू शकतात.

फोटो कॅमेऱ्यातून आले तसे चढवू नका. १२०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फाइल स्वरूपात, प्रत्येकी १५० केबीच्या आत. सगळे एकाच प्रमाणात, तीनास दोन, कापा. नुसत्या या एका शिस्तीने मुख्यपान नीटनेटकं दिसायला लागतं. उभे फोटो लेखात ठेवा, यादीत नको. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये दिलेली आहे ना बघा, नाहीतर फोटो उतरताना मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचक भलत्याच लिंकवर बोट ठेवतो. लेझी लोडिंग (वाचक जवळ आला की मगच फोटो उतरवणं) सगळ्यांना चालेल, पण पहिल्या फोटोला नको. तो उशिरा आला की पानच मंद वाटतं. सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा हा गूगलचा निकष आहे. लिंक शेअर केल्यावर तिच्यासोबत दिसणाऱ्या चित्राचा आकार १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवा.

हे सगळं झालं की भर दुपारी अंगणात उभं राहून, घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात साधा फोन द्या, तुमचा एक लेख उघडून. म्हणा, ‘काकू, ही विहीर कुठल्या तालुक्यात आहे आणि जवळपास अजून काय बघण्यासारखं आहे, ते यात शोधून सांगा.’ मधे बोलू नका, बोट कुठे अडतंय आणि फोन डोळ्यांजवळ कधी नेला जातोय तेवढं टिपून घ्या. त्या जागा आधी दुरुस्त करा, रंगांचं बाकीचं मग.